पेन्सिलीने लिहिलेलं नाव

आमच्या गावच्या वाचनालयातून आणलेल्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’च्या पहिल्याच कोऱ्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं. शेजारी बाण, आणि ‘हाच!’ इतका संताप आला की पुस्तक तसंच परत करायला निघाले होते. पण बाहेर पाऊस कोसळत होता आणि घरात न वाचलेलं दुसरं काही नव्हतं. खोडरबरने नाव पुसलं, तरी डोक्यातून ते कसं पुसणार? तशीच वाचायला बसले.

मग त्या एका माणसावरच नजर ठेवून वाचत गेले, आणि थक्क झाले. लेखिका अगाथा ख्रिस्तीबाईंनी एकही वाक्य खोटं लिहिलेलं नाही. घडलं ते सगळं पानावर आहे. फक्त त्या क्षणी वाचकाचं लक्ष दुसरीकडे असेल अशी तजवीज केलेली आहे. १९२६ साली पुस्तक आलं तेव्हा बाईंनी वाचकाला फसवलं अशी तक्रार झाली होती. मला ती मुळीच पटत नाही. पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधालयात काम करून विषांची मात्रा शिकलेली ही बाई वाक्यंसुद्धा तशीच मोजून देते. तेव्हापासून रहस्यकथेला मी एकच प्रश्न विचारते : शेवट कळल्यावर पुन्हा पहिलं पान उघडावंसं वाटतं का?

मी अभ्यासक नाही. एसटीत, दुपारच्या जेवणानंतर, कुणाच्या आजारपणात उशाशी बसून वाचणारी मी बाई. त्यामुळे ही मतं एका वाचकाची.

बाबूराव अर्नाळकरांपाशी माझा प्रश्न लागू पडत नाही, हे आधीच कबूल करते. हजाराच्या वर पुस्तकं लिहिणाऱ्या या माणसाकडे आपण कोडं सोडवायला जातच नाही. विजया संकटात सापडली आहे, आता नायक झुंजार कधी येतो, एवढीच वाट बघायची असते. काळा पहाड असो की धनंजय, नायक हरणार नाही हे ठाऊक असूनही पानं उलटत राहतात. माझी आजी जेमतेम चौथी शिकलेली. पोथीतल्या जोडाक्षरांपाशी ती अडखळायची, पण अर्नाळकर सलग वाचायची. छोटी वाक्यं, भराभर प्रसंग, आणि प्रकरण संपतं तिथे दार वाजलेलं! त्यांच्या पुस्तकांना साहित्यात जागा द्यायची की नाही, यावर पुष्कळ बोललं गेलं आहे. ज्या घरात दुसरं पुस्तक आलं नसतं तिथे ती पोचली, हे मला त्याहून मोठं वाटतं.

बाराशेवर कादंबऱ्या लिहिणारे गोव्याचे गुरुनाथ नाईक माझ्या वाचनात तुटक आले. त्यांचा नायक कॅप्टन दीप आठवतो, त्याच्या मोहिमा आठवत नाहीत.

सुहास शिरवळकरांविषयी मात्र थांबून बोलायला हवं. २०१३ च्या चित्रपटामुळे नव्या पिढीला ते ‘दुनियादारी’चे लेखक म्हणून माहीत आहेत, मला ते बॅरिस्टर अमर विश्वासचे लेखक म्हणून आवडतात. मंदार पटवर्धन, दारा बुलंद, फिरोज इराणी ही त्यांची इतर मंडळी, पण कोर्टात उभा राहिलेला अमर मला सगळ्यांत जवळचा. शिरवळकरांची माणसं कॉलेजच्या कट्ट्यावर बोलतात तशी बोलतात, एकमेकांचं वाक्य तोडतात, चिडवतात. या गप्पांतच माहिती सांडत जाते आणि आपल्याला ती गप्पाच वाटते. एक तक्रार आहे : कधी कधी शेवटच्या काही पानांत सगळा उलगडा एका दमात उरकला जातो. दोनशे पानं सोबत चाललेल्या वाचकाला तिथे थोडी उसंत मिळायला हवी होती.

बंगालीतला ब्योमकेश बक्षी स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. तो शब्दच मला फार आवडतो. सत्यजित रायांचा गुप्तहेर फेलूदा अशोक जैन यांच्या अनुवादामुळे मराठीत आला, आणि तो मुलांनी वाचायलाच हवा.

थरारकथेत माझ्या प्रश्नाचं सर्वांत देखणं उत्तर फ्रेडरिक फोर्साइथने दिलं आहे. ‘द डे ऑफ द जॅकल’ १९७१ साली आली. तिच्यात ज्यांच्या हत्येचा कट आहे ते फ्रान्सचे द गॉल त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या घरी वारले होते. म्हणजे मारेकऱ्याचा नेम चुकणार हे वाचकाला विकत घेतानाच माहीत! तरीही श्वास रोखला जातो, कारण कुतूहल असतं ते कारागिरीचं : खोटा पासपोर्ट कसा मिळवायचा, बंदूक कशी लपवायची, आणि पलीकडे एक साधा पोलिस अधिकारी चिकाटीने धागा कसा धरतो.

‘गॉन गर्ल’नंतर दर चार प्रकरणांनी धक्का देणाऱ्या कादंबऱ्यांची रीघ लागली. ‘गॉन गर्ल’ स्वतः भक्कम आहे, त्यातलं लग्न खरं वाटतं. तिच्या मागोमाग आलेल्या कित्येकींत माणूसच नाही, नुसती कलाटणी आहे. अशी पुस्तकं मी आठवड्यात विसरते.

याउलट केइगो हिगाशिनो. ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ ही त्यांची २००५ ची जपानी कादंबरी. ‘जाने जान’ हा हिंदी चित्रपट तिच्यावरूनच केला. खून सुरुवातीलाच होतो, आपल्या डोळ्यांदेखत, करणारी बाईही आपल्याला दिसते. लपवालपवी करतो तो तिचा शेजारी, शाळेत गणित शिकवणारा इशिगामी. पुस्तकाच्या मध्यावर कुठेतरी तो आपल्या परीक्षेतल्या प्रश्नांविषयी सहज बोलतो : प्रश्न भूमितीचा वाटतो, असतो बीजगणितातला. मी ते वाक्य वाचून पुढे गेले. शेवट वाचला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. दिवा न मालवता ते पान शोधून काढलं, आणि तिथूनच पुन्हा वाचायला लागले.