चाकांवरचे घर आणि मुलाचे दार

या अंकासाठी आम्ही खरे तर खोडव्यातील पाचटावर लिहिणार होतो. तो लेख आता पुढील अंकी येईल. तोवर सभासद बंधूंनी पाचट पेटवू नये, एवढे सांगून पुढे जातो.

झाले असे की, लागणीच्या नोंदीसाठी फिरता फिरता नदीकाठच्या गटातील एका सभासदांच्या वस्तीवर आम्ही चहाला थांबलो. आबा आणि काकी दोघेही घरी होते. (नाव छापू नका म्हणाले, म्हणून इथे नुसते आबा.) त्यांचा थोरला मुलगा अमेरिकेत नॉर्थ डाकोटा राज्यातील फार्गो या गावी नोकरीस आहे. २०२४ साली मे ते ऑक्टोबर हे दोघे त्याच्याकडे राहून आले. अमेरिकेत काय पाहिले, असे आम्ही सहज विचारले. उंच इमारती नाहीतर धबधबा सांगतील असे वाटले होते. आबा म्हणाले, "साहेब, म्हातारा-म्हातारी घर घिऊन पोराच्या दारात आलेली बघितली." चहा थंड झाला तरी आम्ही उठलो नाही.

सप्टेंबरातली गोष्ट. संध्याकाळी शेजारच्या घरापुढे एक मोठी गाडी येऊन उभी राहिली. आपल्या एस.टी.पेक्षा थोडी आखूड, आणि मागे दोरखंडाला वासरू बांधावे तशी एक छोटी मोटार जोडलेली. उतरले कोण, तर बहात्तर वर्षांचे आजोबा आणि सत्तरीची आजी. शेजाऱ्याचे आईवडील. नातवंडे धावत आली, गळाभेटी झाल्या, एकत्र जेवणे झाली. आणि रात्री दहाला आजोबा-आजी परत गाडीत गेले, आतला दिवा लागला, पडदे ओढले, झाले. आबांना त्या रात्री झोप नाही. "पोराचं एवढं मोठं घर, अन् बाप दारात गाडीत निजतुय! आपल्याकडं असं झालं तर गाव तोंडात शेण घालील."

काकींना मात्र दम निघेना. दुसऱ्या दिवशी थालीपीठ घेऊन त्या थेट गाडीच्या दाराशी गेल्या, सूनबाई दुभाषी म्हणून बरोबर. आजीने आत बोलावले. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, न्हाणी, जेवायचे मेज. गाडी उभी केली की बटण दाबून एक भिंत बाहेर सरकते आणि खोली रुंद होते. या गाडीला तिकडे आर.व्ही. म्हणतात, इंजिन गाडीतच असले तर मोटरहोम. काकींनी पहिला प्रश्न विचारला तो संडासाचा. तिथे उत्तरही तयार होते. गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात : एक चांगल्या पाण्याची, दुसरी न्हाणी-मोरीच्या सांडपाण्याची, तिसरी मैल्याची. गाडीतळावर उतरले की नळाची आणि विजेची जोडणी मिळते. मैला उतरवायची जागा ठरलेली असते, तिथे जाड नळी लावून टाकी रिकामी करायची. ते काम आजोबांचे. "पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी केलेलं पहिलं घरकाम हेच," असे आजी म्हणाल्या, आणि काकी आम्हाला हे सांगताना अजूनही हसत होत्या.

ही दोघे मूळची आयोवा राज्यातली शेतकरी. मका आणि सोयाबीनचे शेत. अंगाने होईना तेव्हा जमीन शेजाऱ्याला खंडाने दिली, राहते घर ठेवले, आणि जुनी गाडी विकत घेतली. आयोवातल्या शेतकऱ्याने असली गाडी घ्यावी यात नवल नाही. त्याच राज्यात फॉरेस्ट सिटी नावाचे छोटे गाव आहे. शेतीला उतरती कळा लागली, तरुण गाव सोडू लागले, तेव्हा १९५८ साली जॉन हॅन्सन यांच्या पुढाकाराने गावच्या व्यापाऱ्यांनी तेथे प्रवासी ट्रेलरचा कारखाना आणला. पुढे तोच विनेबागो या नावाने मोटरहोमसाठी देशभर माहीत झाला. माळावर कारखाना उभा करून गावाचे पाय जागच्या जागी रोवणे आपल्याला काही नवे नाही.

आठ वर्षे ही दोघे फिरत होती. फिरणे म्हणजे उंडारणे नव्हे, त्याला वेळापत्रक होते. मे महिन्यात आयोवातून निघायचे, पश्चिमेच्या मोठ्या रस्त्याने नेब्रास्का ओलांडून डेन्व्हरला लेकीकडे. मग वायोमिंगमधून वर, वाटेत यलोस्टोनचे राष्ट्रीय उद्यान. बासष्ट वर्षांवरील नागरिकास ऐंशी डॉलर एकदाच भरले की सर्व राष्ट्रीय उद्यानांचा तहहयात पास मिळतो. ही रक्कम २०१७ पर्यंत दहाच डॉलर होती, आणि आजोबा त्या दहातले, याचा त्यांना फार अभिमान. पुढे मोंटानात बिलिंग्जला लष्करातला जुना दोस्त. तिथून पूर्वेला फार्गो. आणि थंडी पडू लागली की सरळ दक्षिणेला टेक्सासच्या टोकापर्यंत, मेक्सिकोच्या हद्दीला लागून. फार्गो ते ते टोक अडीच हजार किलोमीटरांच्या वर. थंडीचे चार महिने तिथे काढून वसंतात परत आयोवा.

आजीजवळ एक वही होती. तीत दरसाल ज्यांच्याकडे जायचे त्यांची नावे. पहिल्या वर्षी दोन पाने भरली होती. आबांनी पाहिली तेव्हा एक पानही पुरते भरत नव्हते. बिलिंग्जच्या दोस्ताला त्या उन्हाळ्यात भेटले तेव्हा त्याने ओळखले नाही. तरी दोन दिवस गाडी त्याच्या अंगणात उभी होती.

मुलाच्या घरात का झोपत नाही, हे काकींनी विचारलेच. आजींचे उत्तर सूनबाईने असे सांगितले : "दोन दिवस मी पाहुणी असते, तिसऱ्या दिवशी सासू होते. दार माझं असलं की दोघींनाही बरं." भाषांतर करताना सूनबाई थोडी अडखळली म्हणे. काकीही घरी येईपर्यंत काही बोलल्या नाहीत.

खर्चाचे आम्ही खोदून विचारले, कारण सवयच ती. असली गाडी एका गॅलनला आठ मैल जाते. त्यांचा गॅलन पावणेचार लिटरचा, म्हणजे लिटरला साडेतीन किलोमीटरच्या आतच. भरल्या उसाच्या ट्रकचाच हिशेब म्हणा. वर्षाला आठ हजार मैल धरले तर एक हजार गॅलन पेट्रोल, आणि २०२४ च्या भावाने तेहतीसशे डॉलरच्या आसपास, म्हणजे पावणेतीन लाख रुपये. त्यावर गाडीतळाचे भाडे, विमा, टायर. खंडाचे पैसे आणि सरकारी पेन्शन यात ओढून-ताणून बसते. म्हणून ही दोघे ऑक्टोबरात कामाला जात. आणि इथे आमचे कान टवकारले, कारण ते काम साखर कारखान्याचे निघाले.

फार्गोच्या कडेने रेड नदी वाहते. पलीकडे मूरहेड, आणि तिथे अमेरिकन क्रिस्टल शुगर कंपनीचा कारखाना. नाव कंपनीचे, पण १९७३ साली बीट पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी ती विकत घेतली, तेव्हापासून ती त्यांची सहकारी संस्था आहे. रेड नदीच्या खोऱ्यात तिचे पाच कारखाने आहेत. किती एकर बीट लावायचे ते शेअर्सवर ठरते, आणि तेवढे घालणे बंधनकारक. (हे वाक्य आमच्या काही सभासदांनी दोनदा वाचावे.) मुख्य काढणी १ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते आणि हवा सरळ असली तर दोन आठवड्यांत उरकते. ऊन तापले तर काढणी बंद, बीट गोठले तरी बंद. तेवढ्या दिवसांपुरती माणसे आणायची कुठून? तर ही गाडीवाली निवृत्त मंडळी. शेकडो जोडपी आपापली घरे चालवत येतात. गाडी लावायला जागा, वीज, पाणी कारखान्याकडून, वर तासाप्रमाणे मजुरी. पाळी बारा तासांची, दिवसाची किंवा रात्रीची. ट्रकला खूण करून यंत्रावर लावणे, साखर उताऱ्यासाठी नमुना पिशवीत भरणे, सांडलेले बीट आणि माती झाडणे, अशी कामे.

एका रविवारी मुलाने आबांना ते ढीग दाखवायला नेले. दोन मजली घराएवढे उंच, आणि लांबी पाहावी तर शिवार संपेपर्यंत. आबांनी पहिलाच प्रश्न केला : "हे गाळणार कधी? वजन घटत न्हाई?" आपल्या उसाचे तुटल्यापासून तास मोजावे लागतात. तिकडचे बीट मात्र बर्फाळ थंडीत तसेच पडून राहते. पुढे ढिगात पंख्याने थंड हवा सोडून तो पार गोठवतात आणि वसंतापर्यंत पुरवून पुरवून कारखान्यात नेतात. बीट चरकात पिळत नाहीत. काप करून गरम पाण्यात साखर उतरवून घेतात. डोक्यावर टोपी, अंगात चमकणारे पिवळे जाकीट आणि हातात बत्ती अशा वेषात ते आजोबा तिथे ट्रकवाल्यांना खुणा करीत होते. आबांना पाहून त्यांनी बत्ती हलवली.

घर चाकांवर घालून साखरेच्या कामाला येणारी नवरा-बायकोची जोडी आपण दर हंगामात पाहतो. तिला कोयता म्हणतो. फरक आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. आपला कोयता उचल फेडायला येतो, पोरे बरोबर असतात, आणि पाठीमागे खंडाने दिलेली काळी जमीन नसते. पण तिकडेही सगळेच हौसेने येतात असे नाही. २००८ च्या मंदीत घर गेलेली, पेन्शन अपुरी पडलेली अनेक म्हातारी माणसे गाडीतच राहून कामामागे फिरू लागली. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी त्यांच्यावर २०१७ साली 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिले, त्यावरचा चित्रपट २०२१ च्या ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट ठरला. त्यात बीटच्या हंगामाचे कामही आहे. आजोबांनी आबांना सांगितले, आमच्या शेजारच्या गाडीतली बाई एकटी आहे आणि तिला परत जायला घर नाही.

टेक्सासची हकिगत याहून वेगळी. थंडीत ही मंडळी जिथे जातात ते रिओ ग्रँड नदीचे खोरे, आणि तिथे ऊस होता. होता असेच म्हणावे लागते. सांता रोझा येथे ऊस उत्पादकांचा सहकारी कारखाना होता, तोही १९७३ सालीच गाळपाला लागलेला. आजोबा दरसाल हिवाळ्यात त्या रस्त्याने जात. उसाचे फड पेटलेले दिसत, राख उडून गाडीच्या काचेवर बसे. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक्कावन्न वर्षांनंतर तो कारखाना बंद करीत असल्याचे जाहीर झाले. कारण पाणी. फाल्कन आणि ॲमिस्टॅड धरणांची पातळी तळाला गेलेली, आणि १९४४ च्या कराराप्रमाणे मेक्सिकोकडून यावयाचे पाणी वेळेवर न आलेले. टेक्सास राज्यातला तो शेवटचा साखर कारखाना. पाचशेंवर कामगार घरी बसले. आबा म्हणाले, "साहेब, तेवढं ऐकल्यावर मी पोराला म्हटलं, आपलं ठिबकाचं राहिलंय." ठिबकाचा अर्ज त्यांनी आल्या आल्या दिला, हे आमच्या दप्तरी आहे.

मग आम्ही विचारले, गाडी चालवणे होईना झाले म्हणजे काय करतात? हे आबांनीही तिथे विचारले होते. टेक्सासमध्येच लिव्हिंग्स्टन नावाचे गाव आहे. तिथे एस्केपीज नावाची फिरत्या मंडळींची संघटना आहे, १९७८ साली जो आणि के पीटरसन या जोडप्याने काढलेली. सभासदांची टपाले ती गोळा करून जिथे गाडी असेल तिथे पाठवते. चालवणे थांबलेल्यांसाठी त्यांनी तिथे एक केंद्रही उभे केले : आपली गाडी कायमची उभी करायची, राहायचे आपल्याच गाडीत, जेवण आणि शुश्रूषा केंद्राकडून. आजोबांचे मत पडले की ते केंद्र चांगले आहे, पण आपल्याला नको. आजी त्या वेळी खिडकीबाहेर बघत होत्या.

२०२५ च्या वसंतात सूनबाईच्या फोनवर निरोप आला. आजोबांना रात्रीचे दिसेनासे झाले, गाडी विकायला काढली. फार्गोच्या मुलाने घरात खालची खोली रिकामी करून दिली आहे. आजी जायला तयार नाहीत. त्यांना आयोवातले घर हवे, आणि हिवाळ्यात तिथला बर्फ काढणार कोण, यावर पुढचे बोलणे थांबलेले.

आता आबांकडे येतो. धाकटा मुलगा पुण्यात, दोन खोल्यांचा फ्लॅट. मुलगा सून दोघेही चांगली, दर महिन्याला या म्हणून फोन. पण आबांना पहाटे चारला उठायची सवय आणि खोकला. काकींना ओट्यापाशी हात आखडून उभे राहावे लागते. चौथ्या दिवशी दोघे एस.टी. धरतात, आणि मुलाला वाटते आपले काही चुकले. फार्गोहून आल्यापासून आबांच्या डोक्यात एकच घोळत होते : त्याच सोसायटीच्या मागे एखादी खोली भाड्याने घ्यावी, दिवसभर नातवंडांत राहावे, रात्री आपल्या खोलीत. पण पोराला सांगायचे कसे? "त्याला वाटंल बाप मला परका समजतुय. भावकी म्हणंल, लेकानं बाहेर काढला." त्यांनी आम्हालाच विचारले, काय करू? ऊस सोडून दुसरे आम्हाला काय कळणार? आमचे स्वतःचे वडील गावी एकटे असतात आणि आमच्या क्वार्टरवर दोन रात्रींवर राहत नाहीत. आम्ही आडसालीची नोंद पुरी केली आणि सहीसाठी वही पुढे केली.

तेवढ्यात काकी कपबशा उचलायला बाहेर आल्या. म्हणाल्या, "खोलीची अनामत मी मागच्या महिन्यातच दिली. दुधाच्या पैशातनं. सूनबाईनंच बघितलीया खोली."

आबांना हे आमच्यासमोरच कळले.