मांसातील प्रतिजैवरोधी सूक्ष्मजंतूंचे परीक्षण

विक्रीस आलेल्या कच्च्या मांसावरील सूक्ष्मजंतूंपैकी कोणते प्रतिजैव पदार्थांना (अँटिबायॉटिकांना) दाद देत नाहीत, हे प्रयोगशाळेत ओळखण्यासाठी हे परीक्षण करतात. मांसातील औषधांचे अवशेष शोधण्याचे रासायनिक परीक्षण याहून वेगळे असून अवशेषमुक्त मांसावरही रोधी जंतू असू शकतात. प्राण्याच्या आतड्यातील जंतू कत्तलीच्या वेळी मांसाच्या पृष्ठभागावर येतात. प्राण्याला उपचारासाठी अथवा केवळ वजन लवकर वाढावे म्हणून प्रतिजैव पदार्थ दिले गेले असल्यास त्या जंतूंत रोधी प्रकारांचे प्रमाण वाढते. ब्रिटनमधील स्वॉन समितीने या धोक्याकडे १९६९ मध्येच लक्ष वेधले होते. यूरोपीय संघात वाढीसाठी होणाऱ्या अशा वापरावर पूर्ण बंदी मात्र २००६ मध्ये आली. मांस नीट शिजविल्यास जंतू मरतात. धोका मुख्यतः कच्चे मांस हाताळताना हात, सुरी व इतर अन्न यांना होणाऱ्या संसर्गाचा असतो.

प्रथम जंतूंचे संवर्धन करतात. साल्मोनेलासाठी २५ ग्रॅ. मांस २२५ मिलि. पेप्टोनयुक्त द्रवात मिसळून ३७° से. तापमानात सु. १८ तास ठेवतात. त्यामुळे थंडीने दुर्बल झालेले जंतू सावरतात. नंतर ते निवडक माध्यमांत वाढवितात. कँपिलोबॅक्टरला अल्प ऑक्सिजन असलेले वायुमिश्रण लागते. अशा संवर्धनाने जंतू होता की नाही एवढेच कळते. तो मूळ मांसावर किती होता हे कळत नाही.

पुढील निष्कर्ष माध्यमाच्या निवडीवर बराच अवलंबून असतो. साध्या माध्यमावरील एखादा निवह (जंतूंचा पुंजका) सहज उचलून तपासल्यास सर्वसाधारण जंतूंत रोधाचे प्रमाण किती, याचा अंदाज येतो. माध्यमातच सेफोटॅक्झिमसारखे औषध घातल्यास लाखो संवेदनशील जंतूंत दडलेला एखादा रोधी जंतूही वाढून दिसतो. या दोन पद्धतींनी मिळालेल्या टक्केवारींची परस्परांशी तुलना करणे चुकीचे होय. वृत्तपत्रांत ती वारंवार केली जाते.

वेगळ्या केलेल्या जंतूची संवेदनशीलता चकती पद्धतीने तपासतात. बाउअर, कर्बी व सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये तिचे प्रमाणीकरण केले. म्यूलर-हिंटन आगरावर जंतू सारखे पसरून औषध शोषलेल्या ६ मिमी. व्यासाच्या कागदी चकत्या ठेवतात. सु. ३५° से. तापमानात १६ ते १८ तासांनंतर चकतीभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ दिसते. त्याचा व्यास ठराविक मर्यादेपेक्षा कमी असल्यास जंतू रोधी समजतात. आगराची जाडी (४ मिमी.) किंवा जंतूंची दाटी बदलली, तर व्यासही बदलतो.

कोलिस्टिनाच्या बाबतीत ही पद्धत फसवी ठरते. त्याचा मोठा रेणू आगरात नीट पसरत नाही, त्यामुळे रोधी व संवेदनशील जंतूंची वर्तुळे जवळजवळ सारखी दिसतात. म्हणून द्रव माध्यमात औषधाची संहती टप्प्याटप्प्याने निम्मी करीत जाऊन जंतूची वाढ थांबविणारी किमान संहती काढतात. इतर औषधे निरुपयोगी ठरल्यावर मनुष्यास कोलिस्टिन देतात, म्हणून येथील चूक महागात पडते. एमसीआर-१ हे कोलिस्टिनरोधी जनुक प्लाझ्मिडावरून एका जंतूतून दुसऱ्यात जाते, असे चीनमधील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी तपासलेल्या कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८ नमुन्यांत हे जनुक असलेला एश्चेरिकिया कोलाय आढळला. भारताने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिन वापरण्यास २०१९ मध्ये मनाई केली.

पॉलिमरेज शृंखला विक्रियेने असे जनुक काही तासांत ओळखता येते; परंतु ही विक्रिया आधी माहीत असलेलेच जनुक शोधते, शिवाय मृत जंतूचा डीएनए जिवंत जंतूच्या डीएनएपासून वेगळा ओळखू शकत नाही. संपूर्ण जनुकक्रम साठवून ठेवल्यास मात्र नंतर कळलेल्या जनुकाचाही मागोवा घेता येतो. चिनी शोध प्रसिद्ध होताच डेन्मार्कमध्ये जुन्या नोंदी चाळण्यात आल्या, तेव्हा आयात केलेल्या कोंबडीच्या मांसातून २०१२ ते २०१४ या काळात वेगळ्या केलेल्या पाच वाणांत एमसीआर-१ आधीपासूनच असल्याचे दिसून आले.