संकरित बदक घेताय? आधी आई-बाप विचारा



आपल्या एका सभासद ताईंनी गेल्या वर्षी दारावर आलेल्या विक्रेत्याकडून ४० बदकपिल्लं घेतली. "संकरित आहेत, भरपूर अंडी देतील" एवढंच त्याने सांगितलं. पिल्लं झपाट्याने वाढली, खाद्यही भरपूर खाल्लं. सात महिने झाले, अंडं काही दिसेना. पशुवैद्यकांनी पाहिलं तेव्हा कळलं, ही मांसाची बदकं. वेळेत विकली असती तर चार पैसे सुटले असते. पुढच्या महिन्यांचं खाद्य अंगावर पडलं.

बदकं वाईट नव्हती. 'संकरित' हा एकच शब्द तीन वेगळ्या पक्ष्यांना लावतात, घोळ तिथे होतो.

*१. संकरातून स्थिर झालेली जात*
उदाहरण खाकी कॅम्पबेल. इंग्लंडमध्ये १९०० च्या सुमारास इंडियन रनर, रूआं आणि रानबदक यांच्या संकरातून ती तयार झाली. पुढे निवड करून गुण पक्के केले, त्यामुळे पिल्लं आई-बापांसारखीच निघतात. साधारण पाच महिन्यांत अंडी सुरू होतात. चांगल्या व्यवस्थेत वर्षाला २५० च्या वर अंडी मिळतात. अंगाने हलकी आणि चपळ, म्हणून भातखाचरातल्या गोगलगायी, किडे टिपायला हीच बरी. मात्र ही मादी सहसा खुडूक होत नाही. अंडी खुडूक कोंबडीखाली किंवा यंत्रात २८ दिवस ठेवावी लागतात.

*२. दोन जातींचा पहिला संकर*
उदा. पांढरं पेकिन आणि खाकी कॅम्पबेल. पहिली पिढी काटक आणि एकसारखी असते. पण याच पिल्लांची आपसात पैदास केली की दुसऱ्या पिढीत गुण फुटतात. एक पिल्लू जड, दुसरं बारीक, अंड्यांचा नेम नाही. संकरित मक्याचं बी आपण दरवर्षी नवं घेतो ना, तसंच हे.

*३. मस्कोव्ही आणि साध्या बदकाचा संकर*
मस्कोव्ही म्हणजे तोंडाभोवती लाल गाठी असलेलं, फारसा आवाज न करणारं बदक. ही प्रजातीच वेगळी, मूळची दक्षिण अमेरिकेतली. बाकीची पाळीव बदकं रानबदकापासून आली. म्हणून यांचा संकर खेचरासारखा, म्हणजे वांझ. मांस भरपूर आणि कमी चरबीचं. तैवानमध्ये मांसासाठी हीच बदकं मोठ्या प्रमाणावर पाळतात. पण यांच्यापासून पुढची पिल्लं नाहीत, आणि अंड्यांच्या आशेने तर ठेवूच नयेत.

*मग घेताना काय विचारायचं?*
बाप कोणता, आई कोणती? अंड्यासाठी की मांसासाठी? नर-मादी वेगळे केलेत का? फक्त अंडी विकायची असतील तर नराची गरज नाही. पिल्लं काढायची असतील तर पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरे. विक्रेत्याला आई-बाप सांगता येत नसतील तर स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. पावतीवर जात लिहून घ्या.

*कोणतंही बदक घ्या, एवढं सांभाळा*
▪ बुरशी लागलेला मका, शेंगदाणा पेंड अजिबात नको. बुरशीच्या विषाला बदकं कोंबड्यांपेक्षा फार नाजूक, पिल्लं तर पटापट दगावतात.
▪ तळं नसलं तरी चालतं. पण प्यायच्या भांड्यात चोच नाकपुड्यांपर्यंत बुडायला हवी. पिल्लांना उथळ भांडं ठेवा, नाहीतर भिजून गारठतात.
▪ अंडी पहाटे ते सकाळी ९ पर्यंत देतात. तोवर सोडू नका, नाहीतर अंडी खाचरात शोधत बसाल.
▪ लावणीची रोपं धरल्यावरच खाचरात सोडा, लोंबी येऊ लागली की बाहेर काढा. फवारणी केलेल्या शेतात आणि त्याच्या पाण्यात सोडू नका.
▪ बदक प्लेगची लस पशुवैद्यकांच्या सल्ल्याने वेळेवर टोचून घ्या.

ज्यांना पिल्लं घ्यायची आहेत त्यांनी आधी ठरवा: अंडी, मांस, की भातखाचर? मग आपल्या गटप्रमुखांशी बोला, एकत्र मागणी करू. घरी आधीच बदकं असतील आणि जात कळत नसेल, तर फोटो गटप्रमुखांना पाठवा. उगाच सहा महिने खाद्य घालत वाट पाहू नका.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी
(शेजारच्या बदकवाल्यालाही हा मेसेज पाठवा.)