आपल्या कौतुकाचं पान आपणच लिहावं का?



मागच्या महिन्यात आमच्या मसाला करणाऱ्या एका गटाच्या अध्यक्षताईंना फोन आला. “तुमच्या गटाचं पान विकिपीडियावर टाकून देतो. पाच हजार रुपये पडतील. कुणीही मोबाइलवर शोधलं की तुम्हीच दिसाल.” ताई हरखल्या. विषय मासिक बैठकीत आला. पैसे द्यायचे का? तेच आज बोलू.

विकिपीडिया म्हणजे इंटरनेटवरचा ज्ञानकोश. इंग्रजीत तो २००१ साली सुरू झाला, मराठीत २००३ साली. आपली मुलं शाळेच्या प्रकल्पासाठी तोच उघडतात. वाचायला पैसे लागत नाहीत. त्यात लिहिणाऱ्यांना संपादक म्हणतात आणि ते बहुतेक सगळे बिनपगारी असतात. तुम्ही-मीही लिहू शकतो.

मग आपल्याबद्दल आपणच लिहिलं तर बिघडलं कुठे?

आपल्या गटातलंच उदाहरण घ्या. कर्जाचा अर्ज सचिवाच्या जावेचा असेल, तर त्या दिवशी सचिव निर्णयातून बाजूला होते. ती लबाड आहे म्हणून नव्हे. जवळच्या माणसाकडे मन झुकतं, आणि ते आपलं आपल्याला कळतही नाही, म्हणून. यालाच हितसंबंध आड येणं म्हणतात.

विकिपीडियावरही हेच आहे. दुकानाच्या मालकाने दुकानाचं, कार्यकर्त्याने आपल्या नेत्याचं पान स्वतः लिहू नये, असं तिथे बजावून सांगितलेलं असतं. मग पानात चूक दिसली तर? प्रत्येक पानाला जोडून एक चर्चेचं पान असतं. तिथे सरळ लिहायचं, “मी या संस्थेची सदस्य आहे. स्थापनेचं वर्ष चुकलं आहे. हा पुरावा.” दुसरा संपादक पुरावा बघून दुरुस्ती करतो. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने तर पैसे कुणी दिले हे उघड सांगायलाच हवं. जून २०१४ पासून तशी अटच आहे.

लपवलं तर? आपल्या इतिवृत्ताच्या वहीसारखा प्रत्येक पानाचा इतिहास तिथे राहतो. कोणत्या खात्यातून, किती वाजता, कोणता शब्द बदलला, सगळं दिसतं. आधी समज देतात. तरी थांबलं नाही, तर खातं ब्लॉक होतं. म्हणजे वाचता येतं, पण लिहिता येत नाही. कधी ठरावीक दिवसांसाठी, कधी मुदतीशिवाय. ही शिक्षा नसते, पुढचं नुकसान थांबवण्यासाठी असते. आपली बाजू मांडून दाद मागता येते. पण एकाच माणसाने दहा नावांनी खाती काढून स्वतःलाच ‘हो हो’ म्हटलं, तर ती खोटी खातीही शोधून बंद करतात.

२०१५ साली इंग्रजी विकिपीडियावर असंच मोठं प्रकरण उघडकीला आलं. पहिल्या सापडलेल्या खात्याच्या नावावरून त्याला ‘ऑरेंजमूडी’ म्हणतात. छोटे व्यावसायिक, कलाकार यांची नाकारलेली पानं एक टोळी हेरायची. मग त्यांना गाठून सांगायची, “पैसे द्या, पान लावून देतो.” पान लागलं की पुढची मागणी, “आता ते टिकवायला दर महिन्याला द्या.” बिनपगारी संपादकांनीच तपास केला. ३८१ खाती ब्लॉक झाली, २१० पानं काढून टाकली. ज्यांनी पैसे मोजले त्यांचे पैसेही गेले आणि पानही गेलं.

म्हणून मैत्रिणींनो, असा फोन आला तर लक्षात ठेवा. विकिपीडिया पानाचे पैसे घेत नाही. पान विकत मिळत नाही. आपल्याशी संबंध नसलेल्या लोकांनी वर्तमानपत्रात, पुस्तकात आपल्याबद्दल नीट लिहिलेलं असेल, तरच पानाला आधार मिळतो. आणि ती जाहिरातीची जागाही नाही. जाहिरात करायची तर आपला फलक आहे, बाजार आहे, व्हॉट्सअॅप आहे.

आमच्या बैठकीत ठराव झाला, पैसे द्यायचे नाहीत. अध्यक्षताई थोड्या हिरमुसल्या. मग त्याच म्हणाल्या, “आपल्या मसाल्याला चांगलं म्हणायचं काम गिऱ्हाइकाचं. आपण आपलं मिरचीकडे बघू.”