बिनकानामात्रेचे जग

माझी भाची तिसरीत होती. पुस्तक उघडून दिले की धडा घडाघडा वाचायची, आवाजाचे चढउतारही नेमके. एका दुपारी त्याच धड्यातले शब्द मी उलटसुलट क्रमाने जुळवले, छापले आणि तिच्यापुढे ठेवले. ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "मामा, याला चित्र नाही." दोन वर्षे ती वाचत नव्हती, पाठ म्हणत होती, आणि ते कळू नये म्हणून केवढे कष्ट घेत होती! प्रगतिपुस्तकात शेरा होता, 'लक्ष नाही'.

मी अक्षरजुळणीच्या धंद्यातला माणूस. भाषाशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. त्या दुपारनंतर हाती लागेल ते वाचत गेलो. 'स्ट्रक्चर्ड लिटरसी' म्हणजे रचनाबद्ध वाचनशिक्षण. त्याचे मूळ अमेरिकेत, सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी १९३०च्या दशकात अडखळणाऱ्या मुलांसाठी केलेल्या कामात आहे. गाभा साधा आहे: आवाज आणि खूण यांचे नाते मुलाला आपोआप उमगेल असे गृहीत न धरता ते उघड करून शिकवायचे, सोप्याकडून अवघडाकडे जायचे, आणि शिकवले नाही ते वाचायला द्यायचे नाही.

"हे इंग्रजीचे दुखणे. मराठी बोलतो तशीच लिहितो," असे मला अनेकांनी ऐकवले. मीही तसेच मानत होतो. पण 'सरबत' म्हणून पाहा. कागदावर चार अक्षरे, तोंडात 'सर्-बत्'. 'र' आणि 'त' यांमधला 'अ' कुठे गेला, हे आपण मुलाला सांगतच नाही. 'चहा' आणि 'चूल' यांतले 'च' निराळे, खूण मात्र एकच. तक्त्यावर 'ग' गणपतीचा, म्हणजे पहिला आवाज पकडायचा. तोच तक्ता 'ण' बाणाचा आणि 'ळ' बाळाचा म्हणतो, कारण या अक्षरांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत. मूल आपला नियम बदलते की गोंधळते, हे कोणी विचारत नाही. पहिल्या वेलांटीचे तर विचारूच नका. 'दिवा' या शब्दात डोळ्याला आधी वेलांटी दिसते, कानाला आधी 'द' ऐकू येतो. जुन्या टंकयंत्रावर आम्ही वेलांटी आधी आणि अक्षर मागून उमटवत असू. संगणकावर नवा कळफलक आला तेव्हा क्रम उलटला. मोठी, सरावलेली माणसे आम्ही, तरी महिनाभर चुकत होतो.

पण माझ्या मते खरी अडचण क्रमाची आहे. वर्णमालेची मांडणी उच्चारस्थानांप्रमाणे आहे. ती अप्रतिम आहे, पण तो जाणत्याचा नकाशा आहे. त-थ-द-ध हे जवळजवळचे आवाज ओळीने आले की नवख्या कानाला ते एकच वाटतात. पाटीवरचे ग-म-भ-न हे उघडच हाताच्या सोयीचे. डोळ्याला म आणि भ जुळे भाऊ. त्यानंतर बाराखडी. क्ष, ज्ञ धरून ३६ व्यंजने, प्रत्येकाची बारा रूपे, एकूण ४३२ घरे. पाठांतराला उत्तम. मात्र सगळी मुळाक्षरे संपेपर्यंत काना-मात्रा-वेलांटीला बहुतेक ठिकाणी प्रवेश नसतो.

तोवर मूल काय वाचते? मी बिनकानामात्रेची वाक्ये जुळवायला बसलो. 'वरण गरम कर.' 'गवत उपट.' 'सरपण उचल.' पानभर झाल्यावर लक्षात आले की जवळपास सगळे हुकूमच आहेत! याचे कारण व्याकरणात आहे. ला, ने, चा हे प्रत्यय, आहे, गेला, करतो ही क्रियापदे, साऱ्यांना स्वरचिन्ह लागते. 'घरात' म्हणायचे तरी सामान्यरूपाचा काना हवाच. 'आई' लिहिता येते, 'आईला' येत नाही. बाबा आणि आजी तर त्या जगात नाहीतच. मराठीचे व्याकरण स्वरचिन्हांत राहते, आणि आपण मुलाला महिनोन्‌महिने तिच्या दाराबाहेर उभे करतो.

आता उलट करून पाहा. म, न, क, ल ही चार अक्षरे, सोबत काना आणि एक मात्रा. 'मामाने काम केले.' कर्ता, कर्म, भूतकाळ, सगळे आले. फलटणला मॅक्सीन बर्नसन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी अक्षरांचे छोटे गट आणि त्यांच्याबरोबरच स्वरचिन्हे अशी वाट कित्येक वर्षांपूर्वी चोखाळली आहे. मला ती उशिरा सापडली, तोवर मी माझी कार्डे चुकतमाकत बनवली होती. (पहिल्याच संचात मी म आणि भ शेजारी ठेवले होते. असो.) सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेला, २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की अक्षरांवर पकड यायला चौथी इयत्ताही पुरत नाही. कन्नडचीही जडणघडण आपल्या लिपीसारखीच. म्हणून तिसरीतली भाची 'मागे' आहे हे म्हणणे मला तेव्हापासून पटेनासे झाले.

आम्ही रोज वीस मिनिटे बसायचो. आधी शब्दाचे आवाज टाळ्यांवर मोजायचे, मग कार्डे, मग त्याच अक्षरांचे न पाहिलेले वाक्य. 'मामाने काम केले' तिने बोट ठेवत वाचले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "कुठलं काम?" पाठ म्हणणाऱ्या मुलीने धड्याला कधी प्रश्न विचारला नव्हता.

पाचव्या महिन्यात ती एसटीवरच्या पाट्या वाचू लागली. जोडाक्षरे अजून अडतात. 'सूर्य'मधला रफार ती 'य'च्या आधी म्हणते, पण 'दुसऱ्या'पाशी थांबते. त्या 'ऱ्य'ची कार्डे सध्या जुळवतो आहे.