मोठा आकडा वाचनाचा, कस लागतो लेखनाचा

भिगवणजवळ, उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात छायाचित्रकारांच्या होड्या निघतात त्या रोहित पक्ष्यांसाठी. उडण्याआधी रोहित पाण्यावरून धावत सुटतो. ते दोन-तीन सेकंद हुकू नयेत म्हणून बटण दाबूनच धरावं लागतं. सेकंदाला १० फोटो, प्रत्येक रॉ फाइल साधारण २५ मेगाबाइटची, म्हणजे तीन सेकंदांत ७५० मेगाबाइट. कॅमेरा हा सगळा ऐवज आधी बफरमध्ये घेतो आणि तिथून कार्डवर उतरवतो. कार्ड सेकंदाला ३० मेगाबाइट लिहीत असेल, तर एवढं उतरायला २५ सेकंद लागतात. ९० लिहीत असेल तर साडेआठच्या आत काम होतं. तेवढ्यात बफर भरलाच, तर शटर अडतं आणि थवा निघून जातो.

दुकानात मात्र आपण कार्डावरचा सगळ्यात मोठा आकडा पाहतो. तो बहुतेक वेळा वाचनाचा कमाल वेग असतो, म्हणजे फोटो संगणकावर घेतानाचा. कॅमेऱ्याला हवा असतो लेखनाचा वेग, आणि तोही किमान किती टिकेल ते. ती हमी कोपऱ्यातल्या बारीक खुणांमध्ये असते. व्ही ३० म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला किमान ३० मेगाबाइट. व्ही ६० आणि व्ही ९० चंही तसंच. इंग्रजी यू अक्षराच्या पोटात ३ असेल तर तेही ३०च. ए १, ए २ या खुणा मोबाइलमधल्या ॲपसाठी आहेत, कॅमेऱ्यासाठी त्यांचे जादा पैसे मोजू नयेत.

लेखनच संथ का? तोशिबात काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी ज्या नँड फ्लॅश स्मृतीचा पाया घातला आणि जी १९८७ मध्ये जगापुढे आली, तिच्या रचनेतच याचं उत्तर आहे. तिच्या प्रत्येक कोशिकेत इलेक्ट्रॉन कोंडून माहिती साठवली जाते. लिहिता येतं एकेका पानावर, पण पुसायचं तर अनेक पानांचा अख्खा ब्लॉक एकदम पुसावा लागतो. चाळीतली एक खोली रंगवायची म्हणून मजलाभर बिऱ्हाडं हलवावीत, तसा हा प्रकार. शिवाय स्वस्त कार्डांत एकाच कोशिकेत तीन बिट बसवतात. त्यासाठी विद्युतभाराच्या आठ पातळ्या नेमक्या साधाव्या लागतात आणि त्यात वेळ जातो. म्हणून काही कार्डं सुरुवातीला जोरात धावतात, मग एकदम मंदावतात.

कार्ड उलटं करून पाहा. संपर्कपट्ट्यांची एकच ओळ असेल तर ते साधं किंवा यूएचएस-१ कार्ड. त्या मार्गाची मर्यादा सेकंदाला १०४ मेगाबाइट. अशा कार्डावर १७० किंवा २०० छापलेलं असलं, तर तो वेग कंपनीच्या खास रीडरमध्येच मिळतो. दुसरी ओळ असेल तर यूएचएस-२, मर्यादा ३१२. पण कॅमेऱ्याच्या खाचेतच दुसऱ्या ओळीची सोय नसेल, तर महागडं कार्डही यूएचएस-१ च्याच वेगाने चालतं. त्यामुळे आधी कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक उघडावं, मगच पाकीट. फोर-के चित्रीकरण १०० मेगाबिटने होत असेल तर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट पुरतात, तिथे व्ही ३० भरपूर झालं. ४०० मेगाबिटला ५० मेगाबाइट लागतात, तिथे व्ही ६० च घ्यावं.

बनावट कार्डांपासून जपायला हवं, कारण ती पहिल्या दिवशी उत्तम चालतात. आतली चिप छोटी असते, पण नियंत्रक कॅमेऱ्याला खोटी क्षमता सांगतो. खरी जागा संपली की पुढचे फोटो वरवर साठल्यासारखे दिसतात, उघडत मात्र नाहीत. लग्नाचं काम घेणाऱ्याने तरी नवं कार्ड एकदा काठोकाठ भरून, सगळं परत वाचून तपासावं. एफ३ नावाचं मोफत सॉफ्टवेअर हेच करतं. कॅमेऱ्याला दोन खाचा असतील तर दोन्ही कार्डांवर एकदमच प्रती घ्याव्यात.

आणि फोटो चुकून पुसले गेले तर कार्ड लगेच बाजूला काढावं. फाइलची नोंद गेलेली असते, मजकूर बहुधा जागेवरच असतो. त्यावर नवा फोटो लिहिला गेला की तो परत मिळत नाही.