जुन्या मालमोटारीतील गोडसर वासाचा माग

शेतमाल पिकविण्यास जितके कष्ट पडतात, तितकीच दक्षता तो वेळेवर बाजारात पोहोचविण्यासाठी घ्यावी लागते. आज अनेक शेतकरी, शेतकरी गट व सहकारी संस्था स्वतःच्या मालमोटारी बाळगून आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळशा जुन्या आहेत. जुनी मालमोटार क्वचितच एकाएकी बंद पडते. बहुधा ती आधी काही सूचना देते. त्यांपैकी एक सूचना डोळ्यांना किंवा कानांना नव्हे, तर नाकाला मिळते. ती म्हणजे इंजिन तापल्यावर येणारा गोडसर वास.

हा वास इंजिन थंड राखणाऱ्या द्रवाचा, म्हणजे कूलंटचा असतो. गाडीखाली ओल दिसत नाही, तापमानदर्शक काटाही जागेवर असतो. त्यामुळे चालक त्याकडे लक्ष देत नाही. पुढे ऐन उन्हाळ्यात रत्नागिरीहून हापूस घेऊन कोल्हापूरला जाताना आंबा घाटाच्या चढणीवर इंजिन तापून बसते, आणि माल व इंजिन या दोहोंचे नुकसान होते. हे टाळण्यासाठी वासाचा माग कोणत्या क्रमाने काढावा, हे या लेखात सांगितले आहे.

कूलंट कशासाठी?

इंजिनात डिझेल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग सिलिंडरभोवती खेळणाऱ्या द्रवाला काढून न्यावा लागतो. वॉटर पंप हा द्रव फिरवितो, आणि रेडिएटरमध्ये पंख्याच्या वाऱ्याने तो निवतो. इंजिन पुरेसे तापल्यावर, साधारणतः ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या सुमारास, थर्मोस्टॅट उघडून द्रवाला रेडिएटरची वाट मोकळी करून देतो.

या द्रवात सामान्यतः निम्मे पाणी व निम्मे एथिलीन ग्लायकॉल असते, आणि गंज रोखणारी द्रव्ये अल्प प्रमाणात मिसळलेली असतात. असे मिश्रण उणे ३७ अंशांच्या सुमारास गोठते. "आमच्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?" असा प्रश्न शेतकरी बंधू नेहमी विचारतात. त्याचे उत्तर असे की, हेच मिश्रण १०० ऐवजी सुमारे १०७ अंशांवर उकळते, आणि रेडिएटरच्या टोपणाने राखलेल्या दाबामुळे ही मर्यादा १२० अंशांच्याही वर जाते. शिवाय ते आतील धातूस गंजू देत नाही. विहिरीचे क्षारयुक्त पाणी वारंवार ओतल्यास रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चुन्याचा थर साचतो व इंजिन तापू लागते. म्हणून कूलंटमध्ये मिसळण्यास ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे.

वास येतो, पण ओल का दिसत नाही?

गळती जेव्हा थेंबाथेंबाने होते, तेव्हा थेंब जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. तो तापलेल्या धातूवर पडून वाळतो. पाणी निघून जाते, ग्लायकॉलची वाफ हवेत पसरते आणि धातूवर पांढरट किंवा कूलंटच्या रंगाची खपली राहते. चालत्या गाडीत पंख्याचा वारा हे तुषार मागे उडवितो, त्यामुळे मूळ जागा एकीकडे आणि डाग दुसरीकडे असा प्रकार होतो.

गाडी थांबविल्यावर वास अधिक येतो, यालाही कारण आहे. इंजिन बंद होताच पंप थांबतो. परंतु धातूत साठलेली उष्णता द्रवात उतरतच राहते. त्यामुळे काही मिनिटे तापमान व दाब दोन्ही वाढतात, आणि जी फट एरवी बंद असते ती पाझरू लागते. उलट, काही सांधे केवळ पहाटेच्या गारव्यात गळतात, कारण जुने, कडक झालेले रबर व धातू थंडीत सारखे आकसत नाहीत. इंजिन तापले की फट मिटते. म्हणून एकाच वेळी पाहणी करून निष्कर्ष काढू नये.

प्रथम वासाची खात्री करावी

शेतमालाच्या गाडीत गोड वास अनेक कारणांनी येतो. फुटलेल्या फळांचा रस फळ्यांत मुरतो, गुळाची ढेप पाझरते, कुजलेली पाने चासीच्या बेचक्यांत अडकून राहतात. असा वास थंड, उभ्या गाडीतही येतो, आणि हौदाजवळ तीव्र असतो. कूलंटचा वास इंजिन तापल्यावर व पुढील भागात येतो. क्लच जळाल्याचा वास करपट, तर बॅटरी बिघडल्याचा वास कुजलेल्या अंड्यासारखा असतो. हौद धुऊन दोन दिवस गाडी चालवावी. वास तरीही कायम राहिल्यास तो इंजिनाकडून येतो असे समजण्यास हरकत नाही.

याबरोबर एक साधी नोंद ठेवावी. कूलंटच्या टाकीवर खूण करून रोज सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी पाहावी. पातळी खुणेखाली जात असेल, तर द्रव कोठेतरी निश्चित जात आहे. वास चालू असताना येतो, थांबल्यावर येतो, की चालकाच्या बैठकीत येतो, हेही लिहून ठेवावे. निम्मा शोध या नोंदीतच लागतो.

शोधाचा क्रम

रेडिएटरचे टोपण इंजिन गरम असताना कधीही उघडू नये. टोपण सैल होताच दाब नाहीसा होतो, आतील द्रव क्षणात उकळून उसळतो, आणि तोंड व हात गंभीररीत्या भाजतात. पुढील सर्व पाहणी इंजिन बंद व पूर्णपणे थंड असताना करावी.

(१) टोपण : त्याचे रबर कडक किंवा चिरलेले असल्यास दाब टिकत नाही आणि वाफ बाहेर पडते. हा सर्वांत स्वस्त भाग असल्याने आधी तोच तपासावा. बदलताना त्याच दाबाचे टोपण बसवावे.

(२) होज पाइप व क्लिपा : प्रत्येक पाइप हाताने दाबून पाहावा. तो फुगलेला, भेगाळलेला किंवा फार मऊ झालेला असल्यास बदलावा. क्लिपेच्या कडेला खपली दिसल्यास तेथे पाझर आहे असे समजावे.

(३) रेडिएटर : जाळी व वरच्या-खालच्या टाक्यांचे सांधे उजेडात पाहावेत. जाळीवर चिकटून धूळ बसलेला ओलसर पट्टा ही गळतीची खूण होय.

(४) वॉटर पंप : पंपाच्या खालच्या अंगास एक लहान छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतील सील झिजले की द्रव त्यातून बाहेर येतो. तेथे डाग दिसल्यास पंपाची दुरुस्ती लांबणीवर टाकू नये.

(५) थर्मोस्टॅटची पेटी व इंजिनाच्या अंगावरील पत्र्याची गोल झाकणे : ही झाकणे आतून गंजतात. ती इंजिनाच्या मागील बाजूसही असल्याने तेथवर दिवा नेऊन पाहावे.

एवढ्याने शोध न लागल्यास दाबाची चाचणी करावी. रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवून टोपणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब थंड इंजिनात भरावा आणि दहा-पंधरा मिनिटे काट्यावर लक्ष ठेवावे. काटा उतरला तर गळती आहे, आणि पंखा बंद असल्याने थेंब मूळ जागीच दिसतो. कूलंटमध्ये विशिष्ट रंगद्रव्य घालून अतिनील प्रकाशाच्या दिव्याने पाहण्याची रीतही उपयुक्त आहे.

एक उदाहरण

जालना भागात मोसंबीची वाहतूक करणाऱ्या एका जुन्या मालमोटारीत असा वास येत असे. फळांचा वास समजून मालकाने हौद दोनदा धुतला. वास गेला नाही. मिस्त्रीने होज पाइपच्या क्लिपा आवळल्या, तरी टाकीतील पातळी दर आठवड्यास दोन बोटे खाली जाई. इंजिनाच्या मागील भागावर डाग होते, म्हणून इंजिन खोलण्याची भाषा सुरू झाली. तत्पूर्वी सकाळी थंड इंजिनावर दाबाची चाचणी घेण्यात आली. तेव्हा वॉटर पंपाच्या छिद्रातून थेंब ओघळताना दिसला. या गाडीत पंखा पंपाच्याच दांड्यावर होता. त्याचा वारा प्रत्येक थेंब तापलेल्या इंजिनावर मागे उडवीत असे, म्हणून जमीन कोरडी व डाग मागे अशी स्थिती होती. पंपाचे सील व बेअरिंग बदलल्यावर वास थांबला. बेअरिंग पुरते झिजले असते, तर डुलणारा पंखा रेडिएटरच्या जाळीत घुसला असता.

बाहेर गळती न सापडल्यास

द्रव इंजिनाच्या आत जात असण्याचा संभव आहे. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत निघणे, रेडिएटरमध्ये बुडबुडे येणे, तेलपट्टीवरील तेल दुधाळ दिसणे ही हेड गॅस्केट बिघडल्याची किंवा हेडला तडा गेल्याची लक्षणे होत. अलीकडच्या डिझेल गाड्यांत धूर परत फिरविणाऱ्या यंत्रणेचा कूलर फुटल्यासही असाच धूर येतो. बैठकीत वास येऊन समोरच्या काचेवर आतून चिकट वाफ जमत असेल, तर हीटर असलेल्या गाडीत त्याची जाळी गळत आहे असे समजावे. तेल दुधाळ दिसताच गाडी चालविणे बंद करावे, कारण पाणी मिसळलेले तेल बेअरिंगांना वंगण देऊ शकत नाही.

गळती थांबविण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची रीत चालकांत प्रचलित आहे. त्याने बारीक छिद्र काही काळ बुजते. परंतु तोच साका रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो आणि पुढे इंजिन तापू लागते. अडचणीच्या प्रसंगी गाव गाठण्यापुरते ठीक, दुरुस्ती म्हणून नव्हे.

जनावरे व मुले यांस धोका

एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आहे, आणि ते विष आहे. शरीरात त्याचे रूपांतर होऊन ऑक्झॅलिक आम्ल तयार होते, व त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचून ती निकामी होतात. प्रौढ माणसासही सुमारे १०० मिलिलिटर ग्लायकॉल प्राणघातक ठरू शकते. लहान मुले, कुत्री व मांजरे यांना त्याहून पुष्कळ कमी पुरते. मुंबईत १९८६ साली भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे जे १४ रुग्ण दगावले, त्यास याच कुळातील डाय-एथिलीन ग्लायकॉल कारणीभूत होते.

म्हणून रेडिएटर गोठ्याजवळ, पाणवठ्यावर किंवा नाल्यात कधीही रिकामा करू नये. काढलेले कूलंट झाकणाच्या डब्यात भरून, त्यावर "विष" असे लिहून, जुन्या तेलाप्रमाणेच ते गॅरेजकडे द्यावे. पिण्याच्या पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते ठेवू नये. सांडलेल्या जागी माती वा लाकडाचा भुसा टाकून तो उचलावा व जागा धुवावी. द्रव ओळखण्यासाठी बोट लावून चव पाहण्याची सवय सर्वथा सोडावी.

कोणी कूलंट प्याल्याचा संशय आल्यास लक्षणांची वाट पाहू नये. प्रथम माणूस झिंगल्यासारखा वागतो, नंतर काही वेळ बरा वाटतो, आणि त्याच वेळी आत हानी चालू असते. वांती करविण्याचा प्रयत्न न करता, डबा बरोबर घेऊन त्वरित रुग्णालय गाठावे. यावर उतारा आहे, परंतु तो लवकर द्यावा लागतो. जनावरांच्या बाबतीत पशुवैद्यकास तत्काळ बोलवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावातील मालमोटारी व ट्रॅक्टर यांची अशी पाहणी चालकांसमवेत करावी. टाकीवरील खूण, रोज सकाळची नोंद आणि थंड इंजिनावरील तपासणी एवढ्या तीन गोष्टी अंगवळणी पडल्या, तर नाकाला मिळालेली सूचना वेळीच कामी येईल, आणि भरलेली गाडी घाटात उभी राहणार नाही.